पावली आणि कात्री



भोर-वेल्ह्याकडची चार मुले पुण्यात चित्रपटाचे शिक्षण घेतात. अभ्यासाचा भाग म्हणून त्यांनी एका अभंगाचा पाच मिनिटांचा व्हिडिओ केला आणि एडिटिंग पक्के होण्याआधी मला दाखवला. जन्मभर कीर्तनाला उभा राहिलेला माणूस यावर काय बोलणार, असे तुम्ही म्हणाल. पण पावली कुठे चुकली एवढे तरी मला कळते.

चित्रीकरण सुंदर आहे. राजगडाच्या पायथ्याशी, गुंजवणीकाठी, चिखलणी झालेल्या खाचरांच्या बांधावरून दिंडी जाते. टाळकरी गावचेच, भातलावणीमुळे आषाढीला निघता आले नाही, म्हणून कार्तिकीची वाट पाहणारे. भजनी ठेका, आठ मात्रांचा, कुठेही घाई नाही.

खोट आहे ती एडिटिंगमध्ये. पावली मुलांनी संथ केली. सेकंदाला 50 चित्रे टिपली आणि 25च्या गतीने दाखवली, म्हणजे चाल निम्मी झाली. आवाज मात्र मूळ लयीत ठेवला. त्यामुळे टाळ कानाला दोनदा ऐकू येतो आणि पडद्यावर एकदाच मिटतो. पाऊल अजून हवेत असते, तोवर सम येऊन गेलेली असते. नवख्या माणसाला हे तरंगल्यासारखे, छानच वाटेल. ज्याने दिंडीत पावली खेळली आहे त्याचा पाय बसल्या जागी अडखळतो. माझा अडखळला.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. गायकाने चरण सोडला की टाळकरी तो उचलतात. नेमक्या त्या जागी मुलांनी ड्रोनने घेतलेला राजगड घातला आहे. आवाज टाळकऱ्यांचा, चित्र ढगांचे! मी विचारले, तर म्हणाले, "बुवा, तेच शब्द पुन्हा येतात. लोक पुढे सरकवतील." सरकवतीलही. पण पहिल्यांदा चरण गायकाचा असतो, दुसऱ्यांदा तो गावाचा होतो. कीर्तनात चरण सोडला की मी टाळकऱ्यांच्या तोंडाकडेच पाहत असे. अर्थ पोचला की नाही, ते तिथे दिसायचे.

दामले-फत्तेलालांचा 1936चा 'संत तुकाराम' जमल्यास पुन्हा पाहा. विष्णुपंत पागनीस गातात तेव्हा चित्र त्यांच्यापाशी थांबते. (त्यातले 'आधी बीज एकले' मी कैक वर्षे तुकोबांचेच समजत होतो, ते शांताराम आठवल्यांचे.) तो चित्रपट 1937 साली व्हेनिसला गौरवला गेला. जिथे तो घडला, त्या पुण्यातल्या प्रभातच्या जागेत 1960 पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे आणि तिथे संकलन शिकवतात. म्हणजे थांबण्याची विद्या आपल्या जिल्ह्याला परकी नाही.

मुलांनी मला न कापलेले चित्रणही दाखवले. त्यात एक म्हातारा टाळकरी आहे. हाताचा चिखल धोतराला पुसतो, टाळ घेतो आणि डोळे मिटून अख्खा चरण म्हणतो. चाळीस सेकंद. व्हिडिओत त्याच्या वाट्याला दोन आली आहेत. मी म्हटले, ड्रोन काढा आणि याला पुरा ठेवा. पावलीही मूळ गतीला आणा. पावलीचे लगेच पटले. म्हाताऱ्यापाशी मात्र चौघे एकमेकांकडे बघू लागले. एवढा लांब शॉट ठेवला तर गुण कापतील, असे एकाने हळूच सांगितले.

गुणांचे मी काय सांगणार? एडिटिंग अजून उघडे आहे. येत्या एकादशीला मुले पुन्हा यायची आहेत.