पुत्राच्या लेखणीतील पिता

एडमंड गॉस हे नाव आमच्या वाचकांस बहुधा दोन भारतीय कवयित्रींच्या निमित्ताने ठाऊक असते. तोरू दत्त हिच्या निधनानंतर १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काव्यसंग्रहास त्याने प्रास्ताविक जोडले. आणि हैदराबादच्या सरोजिनी नायडू यांना, इंग्लंडातील पाखरे व फुले उसनी न घेता स्वतःच्या भूमीविषयी लिहा, असा उपदेश केला. समीक्षक म्हणून त्याचा एके काळी मोठा दबदबा होता. तो आता ओसरला आहे. टिकून राहिले आहे ते मुख्यतः एकच पुस्तक : १९०७ मध्ये प्रथम निनावी प्रसिद्ध झालेले 'फादर अँड सन'. धर्मनिष्ठ ख्रिस्ती आईबाप आणि त्यांच्यापासून मनाने दुरावलेले वयात आलेले अपत्य, हा त्याचा विषय. ग्रंथ श्रेष्ठ आहे याविषयी वाद नाही. मात्र त्याच्या श्रेष्ठपणाच्या आड एक अन्याय झाकला गेला आहे असे आम्हांस वाटते, आणि त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

एडमंडचा पिता फिलिप हेन्री गॉस (१८१०–१८८८) हा नामांकित निसर्गशास्त्रज्ञ. जमेकातील पक्षी आणि समुद्रकाठचे जीव यांवर त्याने ग्रंथ लिहिले. काचेच्या टाकीत समुद्रजीव पाळण्याचा छंद इंग्लंडात रुजविण्यात त्याचा मोठा वाटा होता. आई एमिली धार्मिक पत्रके लिहीत असे. दोघेही 'प्लिमथ ब्रदरन' या काटेकोर पंथाचे. या घरात कल्पित कथेला मज्जाव होता. आईस बालपणी गोष्टी रचण्याची विलक्षण आवड होती. परंतु ते पाप होय असे तिच्या शिक्षिकेने मनावर बिंबविल्यामुळे तिने ती वृत्ती जन्मभर दडपून ठेविली. १८५७ मध्ये ती कर्करोगाने वारली, तेव्हा मुलगा अवघा सात वर्षांचा होता. मरणापूर्वी तिने त्यास देवाच्या सेवेस वाहिले होते. त्याच वर्षी पित्याने 'ओम्फॅलोस' हा ग्रंथ लिहून भूगर्भशास्त्र आणि बायबलातील उत्पत्तीचे कथन यांची सांगड घालण्याचा यत्न केला. तो शास्त्रज्ञांस रुचला नाही आणि धर्मनिष्ठांसही पटला नाही. पत्नी गेली, कीर्तीस उतरती कळा लागली. उरला एकुलता एक मुलगा आणि पत्नीने मागे ठेविलेली जबाबदारी. पित्याच्या पुढील सर्व वर्तनाचे मूळ या एका वर्षात आहे, असे आम्ही मानतो.

गॉसची वर्णनशक्ती असामान्य आहे. पित्याने पुत्रजन्माची नोंद आणि जमेकाहून एक हिरवी पाकोळी आल्याची नोंद दैनंदिनीत एकाच दिवशी, शेजारी शेजारी केली, हे तो किंचित हसतच सांगतो. देव मूर्तिपूजेची शिक्षा खरोखरच करतो काय हे पाहण्यासाठी बाल एडमंड एका खुर्चीची प्रार्थना करतो आणि काहीच घडत नाही असे पाहून विचारात पडतो. नाताळ हा मूर्तिपूजकांचा सण म्हणून घरात वर्ज्य. मोलकरणींनी चोरून केलेले गोड पक्वान्न मुलाच्या पोटात गेल्याचे कळताच पिता ते उचलून उकिरड्यावर नेऊन टाकतो. हे प्रसंग एकदा वाचले की विसरत नाहीत. वयाच्या दहाव्या वर्षी पाण्यात बुडवून दिलेला बाप्तिस्मा आणि प्रौढांच्या मंडळीत मिळालेले स्थान यांचे वर्णनही असेच, विनोद आणि वेदना यांच्या काठावरचे आहे.

परंतु आमच्या विषयाचा गाभा उपसंहारात आहे. सतराव्या वर्षी मुलगा लंडनला नोकरीस जातो. पित्याची पत्रे एकामागून एक येऊ लागतात आणि त्या प्रत्येकात आत्म्याच्या कुशलाची विचारपूस असते : प्रार्थना करतोस ना, शास्त्र वाचतोस ना, कोणाच्या संगतीत असतोस. मुलगा या पत्रव्यवहारास टपालाने चालणारी धर्मचौकशी समजतो. अखेर सुट्टीत घरी आला असता, पित्याच्या काचगृहात, ऑर्किडच्या दरवळात, तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो आणि मुलाचा बांध फुटतो. तो उसळून बोलतो आणि तेथून निघून जातो. पुढे पित्याचे दीर्घ पत्र येते; त्यात सर्वस्व किंवा काहीच नाही, असा पर्याय मुलास जणू समोर दिसतो, आणि आपले अंतरंग आपणच घडविण्याचा हक्क तो घेतो. पुस्तक येथे संपते.

हा शेवट प्रभावी आहे. पिढ्यान् पिढ्या तरुण वाचकांनी तो स्वतःच्या मुक्तीचा जाहीरनामा म्हणून वाचला. आमची शंका निराळी आहे. ज्यास पुत्र धर्मचौकशी म्हणतो, ती पत्रे लिहिणाऱ्याच्या मनात काय होते? श्रद्धावान ख्रिस्ती पित्याच्या दृष्टीने मुलाचा दुरावा हा केवळ या जन्मापुरता नसतो. पत्नी परलोकी वाट पाहात आहे, आपणही तेथे जाणार, आणि हा एकटाच मागे, कायमचा बाहेर राहील, ही भीती त्याच्या उरात घर करून असते. ही भीती ज्यास खरी वाटत नाही, त्यास ती पत्रे जुलूम वाटणारच. गॉसने पित्याच्या श्रद्धेचे वर्णन बारकाईने केले आहे. त्या श्रद्धेतून उपजणाऱ्या भयाची कल्पना मात्र शेवटच्या पानांत हातून सुटली आहे. म्हणूनच पिता तेथे मनुष्य न राहता अडसर होतो.

याचा अर्थ पिता निर्दोष होता असा नव्हे. त्याचा दोष असा की मायेची भाषा म्हणून त्यास प्रश्न तेवढे ठाऊक होते. समुद्रजीवांविषयी ग्रंथ लिहिणाऱ्या आणि ऑर्किड जोपासणाऱ्या या माणसाने मुलास एखादे पत्र तरी केवळ फुलांविषयी लिहिले असते, तर काचगृहातील तो प्रसंग कदाचित टळला असता, असे पुस्तक वाचताना वाटत राहते.

येथे नव्या संशोधनाची साक्ष महत्त्वाची ठरते. ॲन थ्वेट यांनी प्रथम पुत्राचे (१९८४) आणि नंतर पित्याचे (२००२) चरित्र लिहिले. पित्याच्या चरित्रातून दिसणारा फिलिप हेन्री 'फादर अँड सन'मधील पित्याहून बराच प्रेमळ, उत्साही आणि माणसांत रमणारा आहे. पितापुत्रांचा संबंधही पुस्तकाच्या शेवटावरून वाटतो तसा तुटलेला नव्हता. पिता १८८८ पर्यंत जगला. १८९० मध्ये पुत्रानेच त्याचे चरित्र सन्मानपूर्वक प्रसिद्ध केले. म्हणजे आयुष्य त्या पत्राशी थांबले नव्हते. थांबले ते पुस्तक. गॉसच्या हातून तपशिलाच्या चुका होत असत हे तर १८८६ मध्येच चर्टन कॉलिन्सने त्याच्या दुसऱ्या एका ग्रंथावर कठोर टीका करून दाखविले होते. परंतु आम्हांस तपशिलापेक्षा रचना अधिक बोलकी वाटते. अबोला आणि भेटी, राग आणि पत्रे यांची वर्षानुवर्षांची गुंतागुंत कापून लेखकाने एक निर्णायक क्षण निवडला. कलेस ते सोयीचे होते. त्या सोयीची किंमत पित्याने मोजली, आणि त्याची बाजू वाचकांपुढे यावयास २००२ साल उजाडावे लागले.

आता याच विषयावरील सर्वांत जुना ग्रंथ शेजारी ठेवून पाहावा. संत ऑगस्टीनच्या 'कन्फेशन्स'मध्ये, म्हणजे चौथे शतक सरता सरता लिहिल्या गेलेल्या आत्मनिवेदनात, आई मोनिका आहे. गोमंतकीय वाचकांस तिचे नाव जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठामुळे परिचित आहे. मुलगा मानीपंथात गेला तेव्हा आईने प्रथम त्यास घरात आणि पंक्तीस घेण्याचे नाकारले. पुढे एका स्वप्नाने धीर येऊन तिने दार उघडले. तिने एका धर्माध्यक्षास विनविले की माझ्या मुलाशी वाद घालून त्यास समजवा. तो स्वतः पूर्वी त्याच पंथात वाढलेला. त्याने नकार दिला आणि सांगितले की तूर्त त्यास असू दे, तू प्रार्थना करीत राहा. पुढे कार्थेजच्या किनाऱ्यावर मुलाने तिला खोटे सांगून, ती रात्री प्रार्थनेत असताना, रोमला जाणारे गलबत गाठले. ती त्याच्या मागोमाग मिलानपर्यंत गेली. ३८७ मध्ये त्याचा बाप्तिस्मा पाहून त्याच वर्षी ती ओस्तिया येथे वारली.

हीही कथा पुत्राचीच लेखणी सांगते. मग फरक कोठे पडला? कोणी म्हणेल, ऑगस्टीन आईच्या श्रद्धेकडे परतला आणि गॉस परतला नाही, म्हणून. हे कारण खरे, पण पुरेसे नव्हे. ऑगस्टीनने आईस बदलताना दाखविले आहे. दार लावणारी मोनिका, दार उघडणारी मोनिका, वादासाठी माणूस शोधणारी मोनिका आणि अखेर गप्प राहून वाट पाहणारी मोनिका, अशा तिच्या अवस्था आहेत. मुलाइतकाच प्रवास तिचाही झाला आहे. शिवाय ऑगस्टीन स्वतःच्या लबाडीस लबाडी म्हणतो. आईस किनाऱ्यावर सोडून गेल्याचे पाप तो स्वतःच्या खात्यावर मांडतो. गॉसचा पिता पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तोच राहतो. वाढतो तो फक्त मुलगा.

आपल्या वाङ्मयातही हा प्रश्न आहे, जरी त्याची दिशा उलटी आहे. बेळगावास १८३१ मध्ये जन्मलेल्या आणि १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींच्या 'अरुणोदय'त हिंदू घरातून ख्रिस्ती धर्माकडे जाणाऱ्या पुत्राची कथा आहे. तेथेही लेखणी जाणाऱ्याच्या हाती आहे. ज्यांच्या घरातून तो गेला त्यांनी काही लिहून ठेविले असते तर तो ग्रंथ कसा वाचला गेला असता, याचा विचार वर्गात व्हावयास हवा. या बाबतीत 'स्मृतिचित्रे' हा मराठीस लाभलेला भाग्ययोग होय. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई मागे राहिल्या, आणि पुढे त्यांनीच लेखणी उचलली. आईबापांची नसली तरी ती मागे राहिलेल्या माणसाची साक्ष आहे. टिळकांवरचा राग, त्यांच्याविषयीची ओढ आणि स्वतःवरचे हसू ही तिन्ही त्यात एकत्र नांदतात. कोणास दोषी ठरवून मोकळे होण्याची घाई त्या पुस्तकास नाही.

शिक्षकबंधूंस आमची विनंती एवढीच की 'फादर अँड सन' अवश्य वाचावे आणि विद्यार्थ्यांस वाचावयास द्यावे; मात्र वाचून झाल्यावर एक प्रश्न विचारावा. लूकच्या शुभवर्तमानातील दृष्टान्तास आपण उधळ्या पुत्राचा दृष्टान्त म्हणतो. परंतु त्यात मुलगा दूर असतानाच पित्याची दृष्टी त्याच्यावर पडते आणि तो धावत सुटतो. थोरला मुलगा रुसून बाहेर उभा राहतो, तेव्हा त्याची समजूत घालण्यासही पिताच घराबाहेर येतो. थोरला आत गेला की नाही, हे सांगितलेले नाही. त्या दाराशी उभ्या असलेल्या पित्याच्या मनात काय चालले असेल, हे विद्यार्थ्यांनी स्वतः लिहून पाहावे. आमच्या वाचकांपैकी ज्यांची मुले दूर गेली आहेत, श्रद्धेने, विवाहाने वा केवळ अबोल्याने, त्यांस हा प्रश्न परका वाटणार नाही. आणि त्यांच्यापैकी कोणी आपली बाजू लिहून ठेविली, तर मराठी आत्मचरित्रात आजवर रिकामी राहिलेली एक जागा भरून निघेल.