खेळातील वास्तव आणि सूत्रधाराचा विवेक

कलेत वास्तव किती असावे, हा वाद मराठी वाचकांस नवा नाही. तो खेळाच्या नियमांतही शिरला आहे, याचे मात्र कित्येकांस नवल वाटेल. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात मंडळी मेजाभोवती बसून एकेका पात्राची भूमिका घेतात, एक जण सूत्रधार होतो, आणि जेथे निकाल अनिश्चित तेथे फासे पडतात. अनेकांनी मिळून रचलेले आख्यानच ते!

या खेळाचा गायगॅक्सकृत १९७८ सालचा नियमग्रंथ पाहावा. उंचावरून पडणारास दर दहा फुटांमागे सहा बाजूंचा एक फासा, कमाल वीस फासे. म्हणजे आमच्या अंबरनाथेहून दिसणाऱ्या मलंगगडाच्या कड्यावरून कोसळलेल्या वीराची हानी सरासरी ७०, फार तर १२०. ज्याची प्राणशक्ती याहून अधिक, तो मुरलेला योद्धा कपडे झटकून उठणार! व्यवहारज्ञान यास हसेल; आम्ही हसत नाही. वीरकथेतील वीर चिवट असावयाचाच.

परंतु त्याच ग्रंथात योद्ध्याच्या असामान्य बळाची श्रेणी मानवी पुरुषास १०० पर्यंत खुली आहे. मानवी स्त्रीस ती ५० वर बंद! वास्तवाखेरीज याचे समर्थन कशाने होणार? कड्यापाशी ज्या वास्तवास रजा दिली, त्यास स्त्री दिसताच परत बोलावणे हा विवेक नव्हे, पूर्वग्रह होय. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत हे बंधन गळाले, आणि त्यावाचून खेळाचे काही अडले नाही.

तर मग व्यवहारज्ञान टाकूनच द्यावे काय? मुळीच नाही. ओले लाकूड लवकर पेटत नाही, चिलखतधारी मनुष्य सहज पोहत नाही, हे सूत्रधाराने अवश्य सांगावे. अशा ज्ञानाने खेळणारास पुढील युक्ती सुचते, आणि ते सर्वांस सारखेच लागू पडते. क्षेमेंद्राने काव्याचा प्राण म्हणून औचित्य सांगितले. नियमांसही तीच कसोटी लावावी. बाहेरच्या जगाशी नियम किती जुळतो, हा प्रश्न दुय्यम आहे. त्याने कल्पनेस वाट मिळते की कोणास दाराबाहेर ठेवले जाते, हे आधी पाहावे. वास्तवाचा दाखला देणारास आम्ही इतकेच विचारू: हा दाखला आपण सर्वत्र देता, की सोयीच्या जागीच?