ठिपक्यामागचा रिसीव्हर

२००९ साली माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या सुमारे सव्वाशे किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापाशी पोचला, ही हकिगत बहुतेक शिक्षकांना ठाऊक असेल. गळ्यातील पट्ट्यामुळे त्याचा हा प्रवास कळला. वर्गात ती सांगताना नकाशावर ठिपके काढायचे, रेघेने जोडायचे आणि ‘बिबट्या असा गेला’ म्हणून मोकळे व्हायचे, हे आम्हीही केले आहे. एकदा एका मुलीने विचारले, “दोन ठिपक्यांच्या मधे तो कुठे होता?” आमच्याकडे उत्तर नव्हते.

त्या निमित्ताने फ्रँक क्रेगहेड यांचे ‘ट्रॅक ऑफ द ग्रिझली’ हे १९७९ सालचे इंग्रजी पुस्तक आम्ही पुन्हा वाचले. फ्रँक आणि जॉन हे जुळे भाऊ. (तरुणपणी, १९४०च्या सुमारास, बहिरी ससाण्यांच्या ओढीने ते भावनगरचे राजपुत्र धर्मकुमारसिंहजी यांच्याकडे पाहुणे म्हणून राहून गेले होते.) अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९५९ पासून त्यांनी ग्रिझली अस्वलांचा अभ्यास केला. १९६१ मध्ये ४० क्रमांकाच्या मादीच्या गळ्यात त्यांनी रेडिओ पट्टा बांधला. तिचे नाव मारियन. रेडिओ पट्टा बांधलेली ती पहिली ग्रिझली.

आजच्या नकाशांत पुसला गेलेला रिसीव्हर या पुस्तकात सतत समोर असतो, हे त्याचे मोठेपण आम्हाला वाटते. पट्ट्यातून ठरावीक अंतराने एक स्पंद निघतो आणि रिसीव्हरमध्ये ‘टिक्’ ऐकू येते. दिशादर्शी अँटेना फिरवीत आवाज कुठे सर्वांत मोठा येतो ते पाहायचे. एवढ्याने कळते ती फक्त दिशा. ठिकाण हवे असेल तर दुसऱ्या टेकडीवर जाऊन पुन्हा दिशा घ्यायची आणि दोन रेघा कुठे छेदतात ते पाहायचे. तोवर अस्वल चालू लागले असेल तर तो छेदबिंदू कुणाचाच नाही. कड्यावरून परतलेला संकेत तर भलत्याच दिशेचा निघतो.

दिशेत ५ अंशांची चूक होते असे धरू. हाताने दिशा घेताना ही काही मोठी चूक नव्हे. २ किलोमीटरवरच्या प्राण्याच्या बाबतीत ती बाजूला सुमारे १७५ मीटर होते. दोन्ही बाजू धरल्या तर साडेतीनशे मीटर रुंदीची पाचर. दोन पाचरींच्या छेदातून एक चौकोनी तुकडा मिळतो आणि रेघा अरुंद कोनात छेदल्या तर तो लांबच लांब पसरतो. नववी-दहावीच्या भूमितीत बसणारी ही आकृती पाठ्यपुस्तकातल्या ठिपक्याजवळ आम्ही कधी पाहिली नाही.

पुस्तकातला सर्वांत सुंदर भाग हिवाळी बिळांचा आहे. संकेताच्या मागे बर्फातून चालत क्रेगहेड बंधू बिळांपर्यंत पोचले. बिळे अस्वलांनी स्वतः खणलेली होती, अनेकदा झाडाच्या मुळांखाली. बीळ तयार असूनही अस्वले आत जाण्यासाठी मोठ्या हिमवादळाची वाट पाहतात, कारण पडणारे बर्फ त्यांची पावले झाकून टाकते, असा त्यांचा निष्कर्ष. यातला ‘कुठे’ रिसीव्हरने सांगितला. ‘का’ मात्र पाय, डोळे आणि हवामान यांतून आला. लेखक हे दोन्ही वेगळे ठेवतो, म्हणून त्या निष्कर्षावर कुणाला शंका घ्यायची तर जागा राहते.

शेवटच्या प्रकरणांबद्दल आम्ही साशंक आहोत. उद्यानातील कचऱ्याच्या खड्ड्यांवर अस्वले जगत होती. प्रशासनाला ते झटपट बंद करायचे होते, तर क्रेगहेड म्हणत, हळूहळू करा, नाहीतर उपाशी अस्वले माणसांच्या तळांवर येतील आणि मारली जातील. खड्डे बंद झाले, १९७०-७१ मध्ये बरीच अस्वले मारली गेली आणि १९७५ मध्ये ग्रिझलीला संकटग्रस्त प्राणी म्हणून कायद्याचे संरक्षण द्यावे लागले. मारियन स्वतः १९६९ मध्ये उद्यान कर्मचाऱ्याच्या गोळीने मेली. लेखकाचा संताप आम्हाला समजतो. पण वादातला एक पक्षच न्यायाधीश झाला की दुसऱ्याचे म्हणणे त्याच्याच लेखणीतून ऐकावे लागते. वाचकाने तेवढे अंतर राखून वाचावे.

आता रिसीव्हर घेऊन रात्रभर बसावे लागत नाही. त्याला नोंदयंत्र, म्हणजे डेटा लॉगर, जोडतात आणि कोणता ट्रान्समीटर किती वाजता किती जोरात ऐकू आला हे ते लिहीत राहते. सोय मोठी आहे, पण कान गेला. वीस प्राणी वीस वेगवेगळ्या कंपनसंख्यांवर असतील आणि यंत्र प्रत्येकीवर १० सेकंद थांबत असेल, तर फेरी पुरी व्हायला २०० सेकंद लागतात. तेवढ्या वेळात पक्षी टप्प्यातून उडून गेला तर वहीत तो आलाच नाही. उलट, विजेच्या तारांचा किंवा वादळाचा खरखराट कधी कधी एखाद्या ट्रान्समीटरच्या सांकेतिक क्रमांकाशी जुळतो आणि नसलेला पक्षी नोंदला जातो. म्हणून सलग दोन-तीनच स्पंदांची नोंद जाणकार संशयास्पद मानतात. कोरे पानही बोलत नाही. प्राणी दूर गेला, डोंगराआड बसला, पट्टा गळून पडला की बॅटरी संपली, हे यंत्राला सारखेच.

मध्यम लहरींचे केंद्र जेथे लागते तेथे वर्गात जुना ट्रान्झिस्टर आणावा. आत फेराइटची कांडी असते. ट्रान्झिस्टर आडवा धरून सावकाश फिरवला की एका स्थितीत आवाज अगदी मंद होतो. त्या वेळी कांडीचे टोक केंद्राच्या रोखाने असते. आता तो १८० अंशांत फिरवा. आवाज पुन्हा तेवढाच मंद. केंद्र पुढे आहे की मागे, हे त्या खोलीत बसून सांगता येत नाही. दुसऱ्या गावी जाऊन दुसरी रेघ काढावी लागते.