भाचा राम आणि वासुदेव कृष्ण : दैवताच्या मानुषीकरणाच्या दोन रीती

रायपूरच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. या परिसरातील मराठी वाचकाच्या कानी रामकथा दोन बाजूंनी येते. घरात ‘गीतरामायण’ असते. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या त्या छप्पन्न गीतांतील राम हा वाल्मीकींना अनुसरणारा धीरोदात्त राजपुत्र आहे. दारापलीकडे मात्र राम ‘भांचा’, म्हणजे भाचा आहे. कौसल्या ही दक्षिण कोसलाची, अर्थात छत्तीसगडची लेक, अशी तेथील श्रद्धा. शहराजवळच्या चंदखुरीला तिचे मंदिर आहे. तिचा पुत्र साहजिकच साऱ्या मुलखाचा भाचा ठरतो. म्हणून छत्तीसगडी घरात मामा वयाने वडील असूनही भाच्याच्या पाया पडतो. मराठी घरात वाकतो तो भाचा.

दैवतांच्या मानुषीकरणाचा विचार आधुनिक मराठी समीक्षेने मुख्यतः महाभारताच्या आधारे केला. दुर्गा भागवतांचे ‘व्यासपर्व’ (१९६२) व्यक्तिरेखांच्या भावगर्भ चिंतनाकडे झुकते; इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ (१९६७) अधिक कठोर आहे. कर्वे यांचा कृष्ण ‘वासुदेव’ या पदाची आकांक्षा धरणारा यादव क्षत्रिय आहे. खांडवदाहातील त्याचा वाटा त्या झाकत नाहीत आणि त्याचे देवपण हा उत्तरकालीन थर मानतात. मानवशास्त्रज्ञ असल्यामुळे नात्यांचे जाळे त्यांना चटकन दिसते. कृष्ण अर्जुनाचा मामेभाऊ, सुभद्रा मामाची मुलगी. या सोयरिकीतून पांडव-यादव राजकारण उलगडते. येथे नाते स्पष्ट होत जाते तसतसा देव मागे सरतो.

छत्तीसगडी रीतीत याच्या नेमके उलट घडते. नाते जवळ येते आणि वंदन वाढते. इतकेच नव्हे, तर घरातला कोणताही भाचा रामाच्या नात्याने पूज्य होतो. मानुषीकरण म्हणजे देवत्वाचा निरास, हे मराठी समीक्षेतील गृहीतक येथे अपुरे पडते. (संतकाव्याच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये, जनाबाईसोबत दळू लागणारा विठ्ठल देवपण गमावत नाही.) तरीही एक भेद उरतो. विठ्ठल माउली होऊन देतो. भांचा मात्र घेणारा आहे. वंदन, दान आणि पाहुणचार हे त्याचे हक्क आहेत.

या श्रद्धेला ऐतिहासिक पुरावा मागणे सोपे आहे. समुद्रगुप्ताच्या प्रयाग-प्रशस्तीत दक्षिणापथातील कोसलाचा राजा महेंद्र येतो, त्यामुळे प्रदेशनाम जुने आहे एवढे ठरते. कौसल्येचे माहेर त्यातून सिद्ध होत नाही. २०२१ मध्ये चंदखुरीच्या मंदिराचे नूतनीकरण होऊन ते राम वनगमन पर्यटन परिपथाचा भाग झाले, तेव्हा भर जन्मस्थळावर, म्हणजे सिद्ध करावयाच्या दाव्यावर आला. पाया पडणाऱ्या मामाला असा दावा करण्याची गरज नव्हती. नात्याचे स्मारक झाले की त्यातील रोजचा आचार दुय्यम ठरू लागतो, आणि अन्वयार्थाच्या दृष्टीने हे नुकसान लहान नाही.

‘युगान्त’मध्ये सीता आणि द्रौपदी यांची तुलना आहे, परंतु कर्वे यांच्या दृष्टीने महाभारत इतिहासाच्या जवळचे, तर रामायण आदर्शांचे काव्य. नात्यांची कसोटी त्यांनी लावली ती पहिल्याला. छत्तीसगडच्या लोकमानसाने ती लावली रामाला, ज्याला कर्वे यांनी काव्याच्या हवाली केले होते.