सलामीचे दृश्य आणि कॅमेऱ्याची ओळख : अल्पखर्ची विद्यार्थी-भयपटाचा एक विचार

प्रस्तावना

इंग्लंडमधील ओसीआर या परीक्षा मंडळाने २००८ पासून आपल्या माध्यम-अभ्यासाच्या पहिल्या वर्षासाठी एक प्रात्यक्षिक नेमले होते. विद्यार्थ्यांनी एका नव्या कथापटाची श्रेयनामावली व आरंभ स्वतः चित्रित करावा आणि तो दोन मिनिटांहून मोठा नसावा, असे त्याचे स्वरूप होते. एकूण १०० गुणांपैकी ६० गुण प्रत्यक्ष निर्मितीला, २० पूर्वतयारीला आणि २० विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या मूल्यमापनाला होते. पुढे अभ्यासक्रम बदलला आणि हे प्रात्यक्षिकही मागे पडले. परंतु ते चालू असताना सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींचा ओढा भयपट आणि थरारपट यांकडे विशेष होता. त्याचे कारणही उघड आहे. भयपटाला नामांकित नट लागत नाहीत, पोशाख लागत नाहीत, फारसे संवादही लागत नाहीत. एक रिकामे घर, थोडी झाडी आणि घाबरलेला एक चेहरा एवढ्यावर काम भागते, अशी समजूत असते.

ही समजूत कितपत खरी आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी सॅम रेमी यांच्या 'द एव्हिल डेड' (१९८१) या चित्रपटाचा आरंभ मुख्यतः विचारात घेतला आहे. विद्यार्थिदशेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणांनी तो केला आणि आजही अशा प्रात्यक्षिकांत त्याचेच अनुकरण सर्वाधिक होते. या अनुकरणात नेमके काय निसटते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

दलदलीवरून येणारा

रेमी, अभिनेता ब्रूस कॅम्पबेल आणि निर्माता रॉबर्ट टॅपर्ट ही मिशिगनमधील मित्रमंडळी. १९७८ मध्ये त्यांनी 'विदिन द वुड्स' नावाचा सुमारे अर्ध्या तासाचा लघुपट सुपर ८ फिल्मवर केला. त्याला १,६०० डॉलरच्या आसपास खर्च आला. तो मुळात भांडवल देणाऱ्यांना दाखवण्याचा नमुना होता. त्यातून उभ्या राहिलेल्या पैशावर नोव्हेंबर १९७९ मध्ये टेनेसीतील मॉरिसटाऊनजवळ १६ मिलिमीटर फिल्मवर मुख्य चित्रीकरण सुरू झाले. त्या वेळी रेमी यांनी नुकतीच विशी गाठली होती.

चित्रपट सुरू होतो तो धुक्याने भरलेल्या दलदलीवर. कॅमेरा पाण्याच्या अगदी लगत आहे. तो वाळक्या फांद्यांना वळसे घालत, न थांबता पुढे सरकतो. पाण्यावर कोणी दिसत नाही, कोणी चालत नाही, कोणाचा श्वासही ऐकू येत नाही. फक्त एक घुमणारा सूर आहे. मध्येच दृश्य तोडून रस्त्यावरील मोटार दाखवली जाते. तीत पाच तरुण-तरुणी गात, थट्टामस्करी करीत, नकाशा उलगडून सुटीसाठी एका निर्जन झोपडीकडे निघाले आहेत. पुन्हा दलदल, पुन्हा मोटार. दोन्ही गती एकमेकींच्या जवळ येत आहेत हे प्रेक्षकाला कळते, गाडीतल्यांना कळत नाही. मग चाक अचानक वळते आणि समोरून येणाऱ्या ट्रकवर आदळता आदळता गाडी वाचते.

येथे राक्षस दाखवलेला नाही, कारण तो दाखवण्याइतके पैसे नव्हते, असे सर्रास म्हटले जाते. हे अर्धसत्य आहे. याच चित्रपटाच्या उत्तरार्धात रक्त, मुखवटे, कुजणारी शरीरे यांची रेलचेल आहे आणि शेवटी तर मातीच्या पुतळ्यांचे एकेक चित्र टिपून देह विघटित होताना दाखवले आहेत. दाखवायचे ते त्यांनी हातात होते त्या साधनांनी हौसेने दाखवले. दलदलीवरून येणारी शक्ती मात्र पहिल्यापासून अखेरपर्यंत अदृश्यच राहते. म्हणजे तिला न दाखवणे हा निर्णय होता. कॅमेरा हाच त्या शक्तीचा देह, असे एकदा ठरल्यावर तिला वेगळे रूप देण्याची गरजच उरली नाही.

या गतीसाठी वापरलेली युक्ती प्रसिद्ध आहे. गॅरेट ब्राउन यांचे स्टेडीकॅम हे उपकरण तेव्हा चित्रपटसृष्टीत आलेले होते, पण या मंडळींना ते परवडणारे नव्हते. त्यांनी एका लांब फळीच्या मध्यावर कॅमेरा घट्ट बसवला आणि दोघांनी दोन टोके धरून जंगलातून धावावे, अशी योजना केली. फळीच्या लांबीमुळे धावणाऱ्यांचे हिसके मध्यापर्यंत पोहोचेतो बरेचसे विरतात. या तंत्राला 'शेकी कॅम' हे नाव पडले आणि तिथेच पुढच्या पिढ्यांची दिशाभूल झाली असावी. कॅमेरा थरथरवणे हा तिचा उद्देश नव्हता. माणसाच्या चालीसारखी न वाटणारी, जमिनीलगतची वेगवान गती मिळवणे, हा होता. विद्यार्थी आज भ्रमणध्वनी हातात धरून झाडीतून धावतात तेव्हा पडद्यावर उमटते ती धापा टाकणाऱ्या एका मुलाची चाल. प्रेक्षकाला शक्ती जाणवत नाही, कॅमेरामन जाणवतो.

मूळ प्रश्न मात्र तंत्राच्या अलीकडचा आहे. पहिल्या चौकटीआधी कॅमेरा कोण आहे हे ठरले आहे काय? जॉन कार्पेंटर यांचा 'हॅलोविन' (१९७८) हाही कमी खर्चातला चित्रपट. त्याच्या आरंभी काही मिनिटे आपण कोणाच्या तरी डोळ्यांतून पाहतो, खून होतो, आणि मग मुखवटा उतरताच तो डोळा सहा वर्षांच्या मुलाचा असल्याचे उघड होते. तिथे उत्तर आरंभातच मिळते आणि तेच हादरवते. रेमी उत्तर देत नाहीत. दोन्ही दिग्दर्शकांना ते आधी ठाऊक मात्र आहे. बहुतेक विद्यार्थी-सलाम्यांत कॅमेरा एका क्षणी झाडाआडून पाठलाग करणारा असतो, दुसऱ्या क्षणी नायिकेच्या चेहऱ्याला चिकटतो, तिसऱ्या क्षणी छतावरून पाहतो, आणि या तिन्ही जागी तो कोण याचा विचार झालेला नसतो. नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी यांच्या कथांत जे झाकलेले राहते ते भाषेच्या सोयीने राहते. शब्द जेवढे सांगतो तेवढेच दिसते. कॅमेऱ्याला ही सवलत नाही. तो कुठेतरी उभा राहतोच आणि त्या उभे राहण्याला अर्थ येतो.

झोका, दिवस आणि व्हिडिओ

मोटार झोपडीपाशी पोहोचते तेव्हा ओसरीवरचा एक टांगता बाक आपोआप हलत भिंतीवर आपटत असतो. ठोके एका लयीत पडतात. स्कॉटी दाराच्या चौकटीवरून किल्ली काढायला हात वर नेतो आणि किल्ली हाताशी येताक्षणी बाक थबकतो. या एका क्षणाला एक बाक, तो हलवणारा कोणी आणि अचूक संकलन एवढेच लागले असेल. विद्यार्थ्यांच्या कामात झोके पुष्कळ हलतात. ते थांबत मात्र नाहीत. भय हलण्यात आहे असे मानले जाते. येथे ते थांबण्यात आहे, कारण थांबणाऱ्याने आपल्याला पाहिले असा त्याचा अर्थ होतो. ओसीआरच्या प्रात्यक्षिकाआधी करायच्या सरावात एका पात्राने दार उघडून आत यावे, खोली ओलांडून खुर्चीत बसावे आणि दुसऱ्याशी दोन वाक्ये बोलावीत, एवढेच होते. दृश्यसातत्य जमते की नाही हे पाहण्यापुरता तो सराव होता. भयपटाच्या सलामीची सारी सामग्री त्या दारात होती, हे किती जणांच्या ध्यानी आले असेल?

अंधाराबद्दलही असाच गैरसमज आढळतो. अपुऱ्या प्रकाशात स्वस्त कॅमेऱ्याचे चित्र रवाळ होते, तपशील हरवतो, आणि तरीही विद्यार्थी रात्रच निवडतात. जॉर्ज रोमेरो यांनी सुमारे १,१४,००० डॉलरमध्ये केलेल्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) च्या नावातच रात्र आहे. पण आरंभ दिवसाउजेडी, पेनसिल्व्हेनियातील एव्हान्स सिटीच्या दफनभूमीत होतो. भाऊ बहिणीला भीती दाखवून चिडवतो आहे आणि मागे, बऱ्याच अंतरावर, एक माणूस अडखळत चालला आहे. तो चौकटीत सर्वांसमक्ष आहे. कोणी वाटसरू असेल म्हणून प्रेक्षक त्याच्याकडे दुर्लक्ष करतो. तो जवळ येईपर्यंत थट्टा चालूच राहते.

'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' (१९९९) ने तर विद्यार्थी-चित्रपट हेच कथानक केले. युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडामध्ये शिकलेल्या डॅनियल मायरिक व एदुआर्दो सांचेझ यांनी आरंभी पडद्यावर नुसता मजकूर ठेवला : १९९४ च्या ऑक्टोबरात माहितीपट करायला गेलेले तीन विद्यार्थी बेपत्ता झाले, वर्षभराने त्यांचे चित्रीकरण सापडले. यापुढे जे साधे, घरगुती, हसरे चित्रण येते ते सारे मृतांच्या हातचे ठरते. कॅमेरा कोण, हे येथे पहिल्या चित्राआधीच सांगून झालेले आहे.

खर्च कोणाचा?

अल्पखर्ची भयपटाच्या गौरवात एक बाजू नेहमी झाकली जाते. 'द एव्हिल डेड'चा खर्च साडेतीन ते चार लाख डॉलरच्या घरात गेला होता. एकट्याच्या खिशातून निघण्याजोगी ही रक्कम नव्हे. आणि जे पैशाने भागवले नाही ते अंगावर काढले गेले. झपाटलेल्या पात्रांच्या डोळ्यांत घातलेली जाड भिंगे नटांना आंधळे करीत आणि काही मिनिटांपलीकडे सोसवत नसत. 'ब्लेअर विच'च्या चित्रीकरणात तिन्ही नटांना मिळणारे अन्न दिवसागणिक कमी केले जात होते. चित्रपट खरा वाटावा म्हणून त्यांची खरी नावे वापरली गेली आणि प्रसिद्धीच्या काळात ते बेपत्ता असल्याचे भासवले गेले. जगभरात सुमारे २४.८ कोटी डॉलरचा गल्ला जमवलेल्या या चित्रपटाच्या नटांना २०२४ मध्ये योग्य मोबदल्याची मागणी जाहीरपणे करावी लागली. अल्प खर्च हा सौंदर्यगुण म्हणून सांगताना तो कोणासाठी अल्प होता, हे सांगितले गेले पाहिजे. आपल्याकडील जनसंज्ञापन विभागांतही लघुपट हे गुणांकनाचे प्रात्यक्षिक असते. तेथे मित्राला मध्यरात्री पडक्या वाड्याच्या कठड्यावर उभे करणारा विद्यार्थी याच गौरवकथेवर वाढलेला असतो.

सलामी आणि देणे

ओसीआरच्या प्रात्यक्षिकाचा खरा दोष याहून खोल होता. त्यात आरंभ होता आणि चित्रपट नव्हता. सलामीचे दृश्य प्रेक्षकाकडून विश्वास उसना घेते. पुढचा चित्रपट ते देणे फेडतो. फेडायचेच नसेल तर उसने किती घ्यावे याला धरबंद राहत नाही. म्हणून बाहुली, घड्याळ, रक्ताळलेला सुरा, उलट्या अक्षरांतली श्रेयनामावली हे सारे दोन मिनिटांत गर्दी करते आणि परीक्षकही चौकट, प्रकाश, ध्वनी यांना सुटे सुटे गुण देऊन मोकळा होतो. 'विदिन द वुड्स' हाही नमुनाच होता, पण पाहणारा पैसे गुंतवणार असल्याने पुढचा चित्रपट कसा असेल याचे उत्तर तयार ठेवणे भाग होते.

सलामीबरोबर त्याच चित्रपटाचे अखेरचे एक दृश्य चित्रित करायला लावले तर हा दोष बराच कमी होईल. वेळ थोडा वाढेल आणि गुणपत्रिकेची रचना बदलावी लागेल, ही अडचण आहेच. 'द एव्हिल डेड'मध्ये सारे संपल्यावर पहाट होते. वाचलेला एकमेव तरुण अॅश झोपडीबाहेर येतो. तेव्हा जंगलातून तोच जमिनीलगतचा कॅमेरा निघतो, झोपडीच्या मागच्या दाराने शिरतो, सारे घर पार करून पुढच्या दाराने बाहेर पडतो आणि वळून किंचाळणाऱ्या अॅशच्या चेहऱ्यावर येऊन आदळतो.