कोशातील म्हण आणि बोलणारे माणूस : ‘धग’च्या निमित्ताने

म्हणी व वाक्प्रचार ही भाषेची आभूषणे होत, हे विधान मराठीच्या अध्यापनात इतके रूढ आहे की त्याची तपासणी सहसा होत नाही. वर्धा जिल्ह्यातील बोलीच्या संदर्भात ती होणे अगत्याचे आहे.

‘आंधळे दळते, कुत्रे पीठ खाते’ ही म्हण पाठ्यपुस्तकात अव्यवस्थेचे उदाहरण म्हणून येते. हिंगणघाटकडील बाई तीच ‘आंधयं दयते अन् कुत्रं पीठ खाते’ अशी उच्चारते. ‘ळ’चा ‘य’ झाला, एवढे नोंदवून अभ्यासक थांबतो. परंतु मजुरी करून घर चालविणारी स्त्री ही म्हण नवऱ्याच्या देखत उच्चारते, तेव्हा तो नाव न घेता केलेला आरोप असतो. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त (1932–38) वऱ्हाडी व नागपुरी शब्दांपुढे ‘(व.)’, ‘(ना.)’ अशा खुणा आहेत. या खुणा प्रदेश सांगतात. बोलणाऱ्याची स्थिती सांगत नाहीत. (वऱ्हाड आणि जुना मध्यप्रांत यांच्या सीमेवरील वर्ध्याला यांपैकी कोणती खूण लावावी, हा प्रश्न वेगळाच!)

हिंगणघाटचे उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (1960) या कादंबरीचे मोल येथे जाणवते. तिच्यातील वऱ्हाडी संवादांना समीक्षेने ‘प्रादेशिक रंग’ म्हटले. हे वर्णन अपुरे आहे. कौतिकचे बोलणे संसाराची ओढाताण सांगत नाही, ते त्या ओढाताणीचाच भाग आहे. महादेवाच्या निष्क्रियतेला तिचे उत्तर कष्टांत आहे तसे शब्दांतही आहे. ते प्रमाण मराठीत आणल्यास आशय उरेल, पण कौतिक उरणार नाही.

वर्गातील व्यवहार मात्र विसंगत आहे. प्रमाण मराठीत ‘बसून राहिला’ म्हणजे जागचा हलला नाही. इकडे ‘जेवून राह्यला’ म्हणजे आत्ता जेवतो आहे. हिंदीच्या धर्तीचा म्हणून हा प्रयोग हिणवला जातो; वस्तुतः ही बोलीची स्थिर व नियमबद्ध रचना आहे. ‘धग’मधील बोलीचे सौंदर्य विशद करणाऱ्या विद्यार्थ्यास गुण मिळतात. त्याच उत्तरात त्याच्याकडून ‘कौतिक झगडून राहिली आहे’ असे लिहिले गेले, तर त्याखाली लाल रेघ येते. आणि व्याकरणाच्या प्रश्नपत्रिकेत अद्याप ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ एवढेच विचारले जाते. कोण, कोणाला, कोणत्या प्रसंगी म्हणेल, हे विचारले जात नाही.