तबकडीत कोण मावले, कोण राहिले?

इतिहासात कुणाची नोंद होते आणि कुणाची राहून जाते, हा प्रश्न आपण साहित्यात नेहमी विचारतो. संगीतातही तो विचारला पाहिजे, असे आम्हाला वाटते.

सुरुवातीच्या जाझचा संग्रह करू पाहणाऱ्या रसिकाला पहिली तबकडी सुचवली जाते ती १९१७ची, ‘ओरिजिनल डिक्सिलँड जाझ बँड’ची. ती न्यूयॉर्कला व्हिक्टर कंपनीने ध्वनिमुद्रित केली. वाजवणारे पाचही जण गोरे. न्यू ऑर्लिन्सच्या ज्या काळ्या वादकांनी हे संगीत घडवले, ते या पहिल्या नोंदीत नाहीत. तबकडी संग्रहात जरूर असावी. पण तिला जाझचा जन्मदाखला मानायला आम्ही तयार नाही.

आमच्या मते संग्रहाचा पाया आहे एप्रिल १९२३चा. इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी, रेल्वेरुळांलगतच्या जेनेट कंपनीच्या स्टुडिओत किंग ऑलिव्हरचा ‘क्रिओल जाझ बँड’ शिकागोहून आला. मायक्रोफोन नव्हता, सारे वादक कर्ण्यासमोर वाजवत. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे. ‘चाइम्स ब्लूज’मध्ये २१ वर्षांच्या लुई आर्मस्ट्राँगचे एकट्याचे कॉर्नेट प्रथमच तबकडीवर उतरले. ‘डिपरमाउथ ब्लूज’मध्ये त्याचा उस्ताद ऑलिव्हर कॉर्नेटचे तोंड झाकत-उघडत त्यातून माणसाचा आवाज काढतो. आणि याच जेनेट कंपनीने त्या दशकात कू क्लक्स क्लॅनच्या प्रचाराच्या तबकड्याही पैसे घेऊन छापून दिल्या! बाजाराला कलावंताच्या इज्जतीशी देणेघेणे नव्हते.

यानंतर बेसी स्मिथने आर्मस्ट्राँगच्या साथीने गायलेले ‘सेंट लुईस ब्लूज’ (१९२५) आणि जेली रोल मॉर्टनच्या ‘रेड हॉट पेपर्स’च्या १९२६च्या तबकड्या ऐकाव्यात. मग आर्मस्ट्राँगचा ‘हॉट फाइव्ह’. ओके कंपनीने या तबकड्या ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणून, काळ्या गिऱ्हाइकांसाठी वेगळ्या काढलेल्या मालिकेत विकल्या. म्हणजे दुकानातही वस्ती वेगळीच! त्याच मालिकेत जून १९२८चे ‘वेस्ट एंड ब्लूज’ आले. रचना ऑलिव्हरची. शिष्य साथीविना एकटाच ट्रम्पेटवर सुरुवात करतो आणि काही सेकंदांतच उस्तादाच्या चिजेला नवे रूप देतो.

१९२३च्या ध्वनिमुद्रणांवरील अमेरिकेतला स्वामित्वहक्क २०२४मध्ये संपला, त्यामुळे ती आता सहज मिळतात. मात्र खरखर पुसता पुसता वाद्यांचा प्राणही पुसणाऱ्या आवृत्त्या टाळाव्यात. थोडी खरखर सोसावी. क्लॅरिनेट तिच्यातूनही स्पष्ट ऐकू येते.

ऑलिव्हर १९३८मध्ये सव्हाना शहरात कंगाल अवस्थेत वारला. शेवटच्या दिवसांत तो झाडलोटीचे काम करीत होता. म्हणून आमचा आग्रह एवढाच, की संग्रहाची सुरुवात त्याच्यापासून करावी.